दारापर्यंत उंच टाचा

मंदाआत्या,

तू गेलीस तेव्हा आपलं भांडण चालू होतं. तसं ते कधी बंद असायचं म्हणा. पण हे ताजं होतं, आणि यात माझी बाजू खरी होती. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी पुण्याहून फोन करायचे. जेवलीस का, गुडघा कसा आहे, म्हैस दूध देते का, हे सगळं विचारून झालं की म्हणायचे, "आता खरं सांग. त्या सँडल विसरून काढल्यास की मुद्दाम?"

"इसरंल कशाला? मी काय म्हातारी झाले व्हय?"

"मुद्दाम काढल्यास, तर पंधरवडाभर मला कशाला राबवलंस?"

"थांब, गॅसवर दूध हाय," असं म्हणून तू फोन ठेवायचीस. अडचणीचा प्रश्न आला की तुझं दूध नेमकं गॅसवर कसं असतं, हे मी एकदा विचारणार होते. राहून गेलं.

आता भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगतो, रडून मोकळी हो. रडू येतंच, पण त्याच्या आधी चीड येते. छातीत कळ आली तर माणूस शेजाऱ्याला हाक मारतो, गाडी बोलावतो. तू ओवा चावत बसलीस. आई शेतातून आली तर तिला म्हणालीस, "वाईच वात धरलाय," आणि वर तिलाच चहा ठेवून दिलास. वेल्ह्याच्या दवाखान्यात नेताना तू रस्त्यातल्या खड्ड्यांवरून माझ्या वडिलांना, दादांना बोलत होतीस. दादा म्हणतात, ती बोलायची थांबली तेव्हाच मला कळलं. चहा ठेवून, आत्या! मला एक शिंक आली तरी तू रात्रभर उशाशी बसायचीस, आणि स्वतःची छाती दुखत असताना दुसऱ्याला चहा? हे मी कुणाजवळ बोलू? तुझ्याजवळच बोलायला हवं होतं, आणि तू नेहमीसारखी विषय सोडून निघून गेलीस.

लहानपणी मी तुला दोनच ठिकाणी पाहिलं, घरात नाहीतर शाळेच्या स्वयंपाकखोलीत. नवरा वारल्यावर तू माहेरी, दादांच्या घरी आलीस, आणि आमच्या वाडीच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायला लागलीस. त्या खोलीत पायात काही घालून जायची कुणाची छाती नव्हती. एकदा तपासणीला आलेले साहेब बूट घालूनच आत निघाले, तशी तू दारात झारा आडवा धरलास.

"सायब, बूट भायेर. हितं अन्न शिजतं."

मुख्य गुरुजींचा चेहरा उतरला. साहेबांनी मुकाट्यानं बूट काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं, ते दुसऱ्या पायानं झाकत त्यांनी उभ्या उभ्या खिचडीची चव घेतली. मी तिसरीत होते, खिडकीतून पाहत होते. मला वाटलं, आता तुझी नोकरी गेली. घरी आल्यावर तू आईला म्हणालीस, "भला माणूस हाय. मोजा शिवून दिला असता म्या, पर लाजला."

मी बारावी पास झाले तेव्हा दादा म्हणाले, "वेल्ह्यापत्तूर शिकली, लई झालं." तू चुलीपुढून मान न वळवता म्हणालीस, "भोरला जाईल ती कॉलेजला."

"कशी जाईल? दोन गाड्या बदलायच्या."

"तुला कुठं बदलायच्यात? ती बदलंल."

आणि मी बदलल्या. वेल्ह्याहून चेलाडी फाटा, तिथून कापूरहोळवरून भोर. पावसाळ्यात गाडी यायची नाही, तेव्हा टेम्पोत बसून. पहाटे माझा डबा भरताना तुझी बडबड चालायची, आणि मी अर्धवट झोपेत चिडून म्हणायचे, आत्या, गप बस ना. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. लोक माझं कौतुक करतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. मी फक्त गाडीत बसत होते. गाडीत बसवणारी तू होतीस. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तुझ्याशी असलं काही बोलायला गेलं की तू म्हणायचीस, "नाक पूस आधी."

पदवी मिळाली त्या दिवशी तू, आई आणि दादा भोरला कॉलेजात आला होतात. सगळ्या मुलींचा घरच्यांसोबत एक मोठा फोटो काढला. मी बापासारखी उंच, तू आमच्या सगळ्या घरात बुटकी. मागच्या रांगेत तू टाचा उंचावून उभी राहिलीस, आणि नेमक्या वेळी टाचा खाली टेकवल्यास. फोटोत तुझा फक्त भांग आला आणि डोक्यावरच्या पदराचा काठ. तो फोटो कुणी बघितला की तू बोट ठेवून सांगायचीस, "हा माझा भांग." सगळे हसायचे, तूही हसायचीस. मला वाटायचं, तुला त्याचं काही वाटत नाही.

तुला त्याचं किती वाटत होतं, हे मला या वर्षी कळलं. आमच्या कंपनीचं वर्षाचं जेवण होतं, पुण्यात मोठ्या हॉटेलात, रात्री. प्रत्येकानं घरच्या एका माणसाला आणायचं, स्टेजवर त्याची दोन वाक्यांत ओळख करून द्यायची, मग फोटो. मी तुला फोनवर सांगितलं आणि तू नाही म्हणशील म्हणून समजूत घालायची तयारीही केली होती. तू एकच विचारलंस.

"फोटू उभ्यानं का बसून?"

"उभ्यानं."

"मग मला टाचांची चप्पल लागंल."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. पण तू सगळा विचार करून ठेवला होतास. शाळेत नवीन आलेल्या बाई तुझ्याएवढ्याच, पण टाचांच्या चपलांवर चढल्या की गुरुजींच्या बरोबरीला येतात. तू रोज बघत होतीस. फक्त कारण मिळत नव्हतं.

मी समजावलं. आत्या, तुझा गुडघा. आत्या, तुझं वय. आत्या, साध्या चपलेत काय वाईट आहे, मी पण साध्याच घालणार आहे. तर तू म्हणालीस, "तू पण टाचांची घ्यायची. मी एकलीच घातली तर लोक म्हनतील म्हातारीला हौस आली."

"अगं, पण तू माझ्या बरोबरीला यावंस म्हणून तू टाचा घालणार. मग मीही घातल्या तर फरक तेवढाच राहणार ना?"

मग म्हणालीस, "तुझी टाच कमी घे की. येवढी शिकलीस, येवढं कळत न्हाई?"

भोरच्या बाजारातल्या त्या दुकानदाराला मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि तोही आपल्याला विसरला नसेल. त्यानं तुझ्याकडे बघून नम्रपणे विचारलं, "आजी, मऊ सोलची सपाट दाखवू का? गुडघ्याला आराम पडतो."

"आजी कुणाला म्हनतोस रं? ती वरची काढ. मरून रंगाची."

"ती पार्टीची आहे."

"मग आमी काय तेराव्याला चाललोय व्हय?"

तुझं पाऊल रुंद, बोटं पसरलेली, जन्मभर अनवाणी डोंगर चढून झालेली. एकही जोड चढेना. त्यानं दुकान उपसलं. शेवटी तुझ्या मापाहून मोठी एक मरून जोडी मिळाली, वर बारीक खडे, पट्ट्याला बक्कल, आणि टाच चार बोटं. बोटांकडे चिंधी कोंबायची असं तूच ठरवलंस. मला दोन बोटं टाचेची काळी घेतली. परतताना एसटीत तू खोकं मांडीवर धरून बसलीस आणि कंडक्टरनं विचारलं, काय आहे, तर म्हणालीस, "भांडं."

मग सुरू झालं ते शिकणं. मी शनिवारी रात्री घरी यायचे ते आराम करायला, आई म्हणायची, पोरीला निजू दे. आणि तू सकाळीच सँडल घालून अंगणात उभी. अंगण आईनं आदल्याच दिवशी शेणानं सारवलेलं. तू एक पाऊल टाकलंस आणि टाच जमिनीत गेली. ती उपटलीस तर दुसरी गेली. मी धरायला आले, माझ्याही गेल्या. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं पडली, जणू कोंबड्यांनी रात्रभर चोची मारल्या. आईनं दारातून बघितलं.

"ह्ये काय केलं? कालच सारवलं हुतं!"

"व्हैनी, पुन्हा सारवू," तू म्हणालीस. "आधी चालाय तर यिऊ दे."

आपल्या गावात सपाट आणि टणक जागा किती थोड्या आहेत, हे मला त्या दिवसांत कळलं. देवळापुढची फरशी चांगली, पण तिथं चप्पल चालत नाही. ग्रामपंचायतीपुढचं सिमेंट चांगलं, पण तिथं माणसं बसलेली, आणि त्यांना तमाशा फुकट दाखवायची तुझी तयारी नव्हती. राहिला शाळेचा व्हरांडा. रविवारी शाळा बंद. किल्ली तुझ्याकडेच.

मी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातली मुलगी सांगत होती, आधी टाच टेकवा, मग चवडा, पाठ ताठ, नजर समोर.

"नजर म्होरं ठिवली तर पाय कुठं पडतोय ते कसं दिसंल? हिला म्हनावं, आमच्याकडं अशी चालशील तर वड्यात जाशील."

"आत्या, इथं ओढा नाही. व्हरांडा आहे."

"आन् ह्या दाभणाला टाच म्हनायचं व्हय?"

तू कायम चढावर असल्यासारखी कमरेत वाकून चालायचीस. सँडलनं तुला आणखी पुढे लोटलं. निघालीस की तू थांबायचीस ती थेट भिंतीपाशी, दोन्ही हात टेकून. मी ओरडायचे, ताठ! तू ओरडायचीस, ताठच हाय! मी स्वतः चालून दाखवायला गेले आणि खांबाला मिठी मारली. तू व्हरांड्यात बसून इतकी हसलीस की खालून जाणारा धनगराचा कुत्रा भुंकायला लागला. त्यानंतर शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे कळेनासं झालं. तू मला सांगायला लागलीस, "पाय वढू नको. उचल. उचल म्हनते!" माझ्या बोटांना फोड आले, तुझ्याही आले. तू दोघींच्या पायांना खोबरेल चोळत म्हणालीस, "बायांनी कशापाय असलं घालत असत्याल?" मी म्हटलं, तूच सांग. तू आणखी जोरात चोळलंस.

मी हरले होते. म्हटलं, आत्या, सोड हा नाद, मी वाकून उभी राहीन फोटोला. तुझा चेहरा पडला. तू पुन्हा बक्कल लावलंस आणि म्हणालीस, "हातात काय तरी दे. रिकाम्या हातानं मला चालाय येत न्हाई."

काय देणार? स्वयंपाकखोलीतलं रिकामं पातेलं आणून दिलं. ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून तू उभी राहिलीस, आणि चालायला लागलीस. व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत गेलीस, वळलीस, परत आलीस. पाठ ताठ, नजर समोर, एक पाऊल चुकलं नाही. गरम खिचडीचं पातेलं घेऊन तू इतकी वर्षं मुलांच्या पंगतीत अशीच चालत होतीस. माझ्यापाशी येऊन थांबलीस तेव्हा तुझे डोळे माझ्या हनुवटीच्या रेषेत होते. लहानपणानंतर पहिल्यांदा मला तुझ्याकडे बघायला मान खाली घालावी लागली नाही. तू म्हणालीस, "आता हुतंय बघ," आणि मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तू पातेलं माझ्या हातात देऊन म्हणालीस, "घासून ठिव."

हॉटेलात पातेलं कुठून आणणार होतीस, याची मला काळजी. पण तुझ्याकडे त्यालाही उत्तर होतं. स्वारगेटपर्यंत तू साध्या चपलेत आलीस, हॉटेलच्या कंपाउंडच्या कठड्यावर बसून सँडल चढवल्यास, साध्या चपला कापडी पिशवीत घातल्यास आणि ती पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलीस. मी म्हटलं, "माझा हात धर." तू म्हणालीस, "मोकळ्या वाटंवर हात कशाला?"

आणि गेलीस. तो सगळा चकचकीत दगडी फरशीचा रस्ता, दिवे, गाड्यांतून उतरणारी माणसं, त्या तीन पायऱ्या. मी मागून येत होते. तुझी मोरपंखी साडी, ताठ पाठ, आणि टाचांचा टक टक आवाज. दारावरच्या माणसानं तुझ्यासाठी दार उघडलं आणि मान लववली. मला इतका अभिमान वाटला की माझंच पाऊल वाकडं पडलं.

मग तू हॉलच्या दारात पोहोचलीस. आत लांबलचक टेबलं मांडलेली, झाकणं उघडत होती, जेवणाचा वास बाहेर येत होता. तू थांबलीस. वाकलीस. बक्कल काढलंस, एक सँडल, मग दुसरी. कुंडीच्या आडोशाला भिंतीला लावून, टोकं बाहेरच्या बाजूला करून जोडी नीट ठेवलीस, आणि अनवाणी आत गेलीस.

मी "आत्या!" म्हणाले, ते इतक्या जोरात की दोन-चार जणांनी वळून बघितलं.

तू चार-पाच पावलं आत गेली होतीस. फरशी थंड लागली असणार. तू खाली पायांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. त्या एका क्षणाला तुझा जो चेहरा झाला, तो माझा पुरावा आहे. दळण घेऊन निघालेल्या बाईला अर्ध्या वाटेत गिरणी बंद असल्याचं आठवावं, तसा चेहरा. तू विसरली होतीस, आत्या. पण लगेच तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "काय बघतीस? चल की."

परत जाऊन घाल, म्हटलं तर नाही म्हणालीस. माणसं बघत होती. तू मात्र पोटभर जेवलीस. आमच्या मॅनेजर मॅडम भेटायला आल्या, त्यांना म्हणालीस, "तुमी हिला शनवारी लवकर सोडत जावा. हिची यष्टी चुकती." मॅडमनी तुझ्या पायांकडे बघितलं. त्या आठवड्यापासून, तुला सांगायचं राहिलं, शनिवारी चार वाजले की त्या माझ्या टेबलापाशी येतात आणि म्हणतात, "निघ, एसटी चुकेल."

माझं नाव पुकारलं. दोघी स्टेजवर गेलो. मी टाचांवर, तू जमिनीवर. तुझं डोकं जेमतेम माझ्या खांद्याशी. ज्यासाठी एवढं केलं ते उलटं झालं, आधीपेक्षा फरक वाढला. तू वर बघून हळूच म्हणालीस, "लई लांबडी दिसतीस. तू पण काढ."

मी काढायला वाकले. बक्कल अडकलं. मी एका पायावर, तोल सावरायला तुझा खांदा धरलेला, फोटोग्राफरला "थांबा, थांबा" म्हणत मान वर केलेली, तोंड उघडं. त्यानं फोटो काढला. आणि मी सरळ उभी राहीपर्यंत पुढचं नाव पुकारलं गेलं. मी पाठ केलेली दोन वाक्यं तशीच राहिली. ती मी इथंही लिहीत नाही. स्टेजवर तू उभी असताना, सगळ्यांसमोर म्हणायची होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीवरून निघताना तू माझीही जोडी पिशवीत भरलीस. "पुन्यात चोरीला जात्यात." फोटो आला तेव्हा मी तो तुला फोनवर पाठवला आणि वर लिहिलं, बघ काय केलंस. तू शेजारच्या पोरीकडून उत्तर पाठवलंस, फोटू बरा हाय. मग आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत.

माझं म्हणणं, तू सवयीनं काढल्यास आणि मग ते कबूल करायला लाजलीस. तुझं म्हणणं, अन्नापुढं पायात घालून कोण जातं. मी म्हणायचे, मग हॉटेलात जेवण असणार हे तुला आधी माहीत नव्हतं का? तू म्हणायचीस, विसरणारी बाई अशी भिंतीला लावून जोडी ठेवते का? मी म्हणायचे, तू तर आयुष्यभर सगळ्यांच्या चपला भिंतीला लावत आलीस, तो कसला पुरावा? शेवटच्या वेळी, तू जायच्या दोन दिवस आधी, मी खूप वैतागले होते. म्हटलं, एवढं शिकून उपयोग काय झाला?

तू म्हणालीस, "दारापत्तूर तर आले की."

आणि मग दूध. गॅसवर.

दहाव्याला लावायला तुझा फोटो हवा होता. सगळ्यांचे मोबाईल उघडले. तू प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी मागे, अर्धी, नाहीतर वाढताना पाठमोरी. आणि भोरच्या फोटोत भांग. तुझा पूर्ण चेहरा एकाच फोटोत होता. स्टेजवरच्या. मी तो भोरच्या स्टुडिओत घेऊन गेले. त्यानं तो मोठा करून पडद्यावर घेतला, तेव्हा मी तो पहिल्यांदा रागाशिवाय बघितला. मी वाकलेली, मान वर, तोंड उघडं. आणि तू सरळ कॅमेऱ्यात बघत हसतेयस. आपल्या दोघींचे चेहरे एका उंचीवर. आयुष्यातल्या एकाच फोटोत.

"शेजारची ताई काढावी लागेल," स्टुडिओवाला म्हणाला.

मी म्हटलं, राहू द्या तशीच. आईबरोबर आलेली किकवीची मावशी माझ्यावर खेकसलीच. "अगं, जित्या मानसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय? येडी का काय?" ती बरोबर होती. त्यानं मला कापलं. तुझ्या खांद्यावरची माझी बोटं मात्र पुरती निघाली नाहीत. नीट बघितलं तर पदराच्या काठाशी दोन नखं दिसतात. मी कुणाला सांगितलेलं नाही.

दहाव्याला नदीवरून माणसं परतली तेव्हा दादांनी फोटो भिंतीवर लावला. रडत रडत खिळा ठोकला आणि तो इतका वर ठोकला की आम्ही सगळे खालून बघत राहिलो. आता तुझ्याकडे बघायला मला मान वर करावी लागते. फोटोखाली आईनं नैवेद्याचं ताट ठेवलं. भात, वरण, वडे, आणि तू शाळेत करायचीस तशी खिचडी. हार माझ्या हातात दिला. माझा हात पुरेना. घरातलं एकुलतं एक स्टूल मांडवात आचाऱ्यानं घेतलेलं, त्यावर तेलाची कढई.

"त्या तुमच्या उंच टाचा हाईत न्हवं?" मावशी म्हणाली. तिला टोमणाच मारायचा होता. "येवढी नाचलीसा त्या घालून. घाल की आता."

मी खरंच पेटीतून तुझी जोडी काढली. चार बोटांची, हार पुरला असता. ओट्यावर बसून घातली. पट्टे मला सैल, बक्कल लावलंच नाही. हात जोडल्यासारखे पुढे धरून, त्यात हार, मी अंगणातून चालत आले. अंगण आईनं दहाव्यासाठी सारवलेलं. मागे भोकांची रांग पडत गेली. या वेळी आई बाजूला सरकली. पाठ ताठ, नजर समोर. मला छान चालता येत होतं, आत्या. तू बघायला हवं होतंस.

फोटोपुढे उभी राहून मी हात वर केले. आणि हात पुन्हा तेवढाच कमी पडला.

मी खाली बघितलं. पाय अनवाणी. पुढे ताट, खिचडीवरून वाफ निघत होती. मागे वळून बघितलं तर दाराबाहेर भिंतीला लावून मरून जोडी, टोकं बाहेरच्या बाजूला.

"अगं बया," मावशी म्हणाली, "काढल्यास व्हय? मग घातल्या कशाला हुत्या?"

आई माझ्याकडे बघत होती. दादाही.

"दारापत्तूर तर आले की," मी म्हणाले.

आईनं पदर तोंडाला लावला. ती हसली की रडली, मला कळलं नाही. दादांनी हार माझ्या हातातून घेतला, मांडवातून स्टूल आणलं आणि तुला घातला.

आता तू विचारशील, विसरून काढल्यास की मुद्दाम. तुझा तो आवाजही मला ऐकू येतोय. आत्या, नंतर बोलू. गॅसवर दूध आहे.